जपानला गेलेली हळद

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सांगलीत हळदीची अडत होती. शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचा, त्यावर आपलं कमिशन घ्यायचं, एवढाच धंदा. सत्तरच्या दशकात एक जपानी व्यापारी मुंबईहून आमचा बाजार बघायला आला आणि आबांच्या डोक्यात कारखाना शिरला.

पाहुणा अबोल. पोत्यांच्या थप्प्या सोडून तो सरळ कोपऱ्यातल्या, अजून पॉलिश न झालेल्या ढिगाशी गेला. एक हळकुंड मोडून हुंगलं आणि नमुना म्हणून त्यातलंच पिशवीभर मागून घेतलं. मी तेव्हा विश्रामबागेतल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. म्हणून दुभाषी मीच. तो म्हणाला, पहिला माल पसंत पडला तर त्यांची कंपनी सांगलीतच हळदपुडीचा कारखाना काढेल. यंत्रं त्यांची, जागा आमची, भागी निम्मी निम्मी. सरकारी परवानग्यांचं नंतर बघू.

तो गेल्यावर आबा मला म्हणाले, "कारखान्याचा पत्रव्यवहार तूच बघायचा. हापिसात तुजी खुर्ची." माझ्या लग्नाचं बोलणं तिथंच थांबलं. मी टायपिंगचा क्लास लावला. आई म्हणाली, "आर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नगा दोघं बी." आम्ही दोघंही झालो होतो, आणि काय सुख होतं त्यात!

नमुना पसंत पडला, मागणी आली. आबांनी बाजारातली उत्तमातली उत्तम हळद निवडली, तिला दोनदा पॉलिश करवलं आणि वरून पिवळ्या रंगाचं पाणी दिलं. आमच्याकडची ती रीतच. बिनरंगाची हळद म्हणजे न्हाऊन केस न विंचरता बाहेर पडलेली बाई.

मी म्हटलं, "आबा, नमुना त्यांनी साधाच नेला होता. रंग चालेल का, लिहून विचारू?"

आबा दुखावलेच. "आगं, असलं इचारत्यात व्हय? पाव्हण्याला च्यात साखर घालू का म्हणून कोण इचारतं? सांगलीचं नाव जाणार हाय भायेर. लखलखीत गेली पायजे."

माल बोटीनं गेला. पुढं तार आली: मालाला रंग लावलेला आहे, खाण्याच्या जिनसांत आम्हाला तो चालत नाही, माल घेता येणार नाही. मागून सविस्तर पत्रही आलं, फार नम्र. कारखान्याचा त्यात शब्द नव्हता. मी ते मराठी करून सांगत होते आणि आबा मधेच म्हणाले, "पर फसवाय न्हवता गं लावला." मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. त्यांनी लबाडी केली असती तर निदान कडकडून भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर आबांचा उत्साहच गेला. पहिलं आलेलं स्थळ साताऱ्याचं. मुलगा मिलिटरीत, घरी ऊस. मी म्हणाले, "आबा, एक वर्ष थांबा. मी इथंच सांगलीत नोकरी बघते." "आता कुटली नोकरी," म्हणाले आणि सुपारी फोडून मोकळे झाले.

सासरची माणसं वाईट नव्हती. नवरा सुट्टीपुरता घरी यायचा, बाकी वर्षभर मी आणि सासू. कुणाचं इंग्रजी पत्र आलं तर गल्लीतले लोक माझ्याकडं वाचायला आणायचे, तेवढंच. एखाद्या ऑफिसात माझाही टाइपरायटर वाजला असता तर, असं आजही मनात येतं आणि वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

चारेक वर्षांनी आबा साताऱ्याला आले. थकलेले दिसत होते. मी चहा दिला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "पोरी, तवा तुजं ऐकाय पायजे हुतं."

"जाऊ द्या आबा, हळदीचं काय एवढं. धंद्यात चालायचंच."

"हळदीचं न्हाई म्हनत मी," आबा म्हणाले.