सकाळी अंघोळीला किती जण?

ऐन जानेवारीत आमचा बॉयलर गेला. लंडनच्या हॅरो भागातल्या घरात मी अंगात कोट घालून पोळ्या लाटत होते आणि नवा बॉयलर बसवणारा माणूस खोल्या-खोल्यांतून रेडिएटर मोजत फिरत होता. मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "घरात माणसं किती? सकाळी अंघोळीला किती जण?"

"दोघं," हे म्हणाले.

"पाच," मी म्हटलं.

यांनी चमकून बघितलं. लेकीला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? ती, जावई, बाळ आणि आम्ही. बाळ-बाळंतिणीला कढत पाणी काढायचं आणि तेवढ्यात वर शॉवरखाली जावई गारठायचा? शोभतं का!

पाच असाल तर टाकीवाला मोठा घ्या, तो म्हणाला. दोघंच असाल तर एवढं पाणी उगाच तापत राहील, छोटा पुरे. आत्ता सांगितलंत तर उद्या बसवतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात.

"तिला विचारलंयस का?" यांनी हळूच विचारलं.

"त्यात विचारायचं काय?" मी खेकसले. पण खात्री मलाही नव्हती. 'तू इकडे आलीस की' असं मी सुरू केलं, की ती दर वेळी विषय बदलायची. मला कळत नव्हतं थोडंच! तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"आई, आम्ही इकडेच राहणार," ती म्हणाली. "बाळंतपणाची मिडवाइफ इथली आहे. त्याला लीव्ह पण मिळालीये."

"बेसिंगस्टोकला? एकटी?"

"एकटी कुठे? तो आहे ना."

"अगं, त्याला बाळाला न्हाऊ घालता येतं का?"

"शिकेल. मला पण नाही येत." मग म्हणाली, "तू रागावशील म्हणून बोलले नाही. तू ये ना, एक वीक."

एक वीक! माझ्या आईनं माझं सव्वा महिना केलं होतं. मला इतकं वाईट वाटलं, की तिथेच भोकाड पसरलं असतं. पण समोर परका माणूस.

"येते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

बॉयलरवाला उत्तरासाठी थांबला होता.

"छोटाच बसवा," मी म्हटलं. "आम्ही दोघंच असतो."