काचवाल्यांनी पाडलेला तडा

काचवाल्यांची ख्याती एकच: त्यांनी बसवलेली काच तडकत नाही. कापलेल्या कडेला डोळ्यांना न दिसणारे टवके राहतात आणि तडा पळत सुटतो तो तिथूनच, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक कड घासायची, बोटाने दहादा चाचपायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "घाईची काच शेजारच्या दुकानात मिळते."

आणि अशा माणसाच्या पोटी मुलगी कोण निघावी? तर पातळ काचेत तडा कसा पसरतो यावर डॉक्टरेट करणारी! "आम्ही जन्मभर तडे टाळले, ही मुद्दाम पाडते. वर लोक हिलाच हुशार म्हणतात," असं ते बायकोला ऐकवत. आजवर पोरगी बाजारातल्या पट्ट्या वापरायची. शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी मात्र तिने बाबांकडे आठ पट्ट्या मागितल्या, आणि गडी तीन दिवस दुकान बंद ठेवून राबला. बापाचं काळीज, दुसरं काय!

परीक्षेच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले. प्रयोग साधा होता. तापवलेली पट्टी गार पाण्यात सोडायची. अगदी सावकाश सोडली तर तडा सरळ जातो, जरा वेगाने सोडली की नागमोडी. पोरीने पहिली पट्टी सोडली. काही नाही. दुसरी सोडली. तीही ठणठणीत!

"तडाच नाही, तर पदवी कशावर द्यायची?" बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत म्हणाले.

पोरीने तिसऱ्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, कडा घासल्यात तुम्ही?"

"आठही पट्ट्यांच्या!" काचवाले ऐटीत म्हणाले.

"अहो बाबा, टवकाच नसेल तर तडा निघणार कुठून? आता तुम्हीच पाडा एक. तुमच्याइतका नेमका टवका इथे कुणाला जमणार?"

काच कापायची हिरकणी खिशात होतीच. पण चांगल्या कडेला स्वतःच्या हाताने टवका पाडायचा? त्यांचा जीव तुटत होता. समोर लेकीचं तोंड पांढरंफटक पडलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि कड टवकली.

पट्टी पाण्यात गेली. तडा निघाला, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आखून दिल्यासारखा. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पोरगी तर रडायलाच लागली.

काचवाले मात्र शरमेने लालबुंद झाले होते. खालच्या मानेने ते परीक्षकांपाशी गेले.

"साहेब, माफ करा. माझ्या हातून असं पहिल्यांदाच झालंय. नवी बसवून देतो, फुकटात."