दहा वाजताचं विमान

त्या दिवशी मी तण काढायच्या डवऱ्याखाली कपाशीचं अख्खं एक तास, म्हणजे सबंध ओळच, उपटून टाकलं. बैलांचा काही दोष नव्हता, ते बिचारे सरळ चालले होते. मी आभाळाकडे बघत होतो आणि हातातला डवरा मला न विचारता डावीकडे सरकत गेला होता. मागे वळून बघितलं तर गुडघ्याएवढी झाडं मुळं वर करून ओळीनं आडवी. बांधावरून आत्या तुराटी घेऊन निघालेली दिसली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. आदिलाबादच्या कॉलेजात इंटरला नापास होऊन मी गावी परतलो होतो, आणि हा मुलगा निदान शेतात तरी कामाचा आहे का हे घरात ठरायचं होतं. ठरवणार होती आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला तशी माहेरी आली ती कायमची. माझी आजी लवकर वारली, त्यामुळे सगळ्यांत धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या काकांना, तिनंच खाऊपिऊ घालून वाढवलं. वडील तिला घाबरत. बैलसुद्धा तिचा आवाज ऐकला की चाल सुधारत.

"आंधळा झाला काय रे?" तिनं लांबूनच विचारलं. "कुठं पाहून राह्यला होता?"

मी वर बोट दाखवलं. उघाड पडली होती आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे एक विमान पांढरी रेघ ओढत चाललं होतं. "आत्या, ते बघ. काकाचं विमान."

तुराटी खाली आली. आत्यानं कपाळावर हात धरला आणि वर बघितलं. पार पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला रेघ विरेपर्यंत ती बघत राहिली. उपटलेल्या तासाबद्दल एक शब्द नाही. मी वाचलो. फक्त दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती पुन्हा बांधावर येऊन उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशीही, आणि मग दहा वर्षं.

यात खोटं एवढंच होतं की ते विमान काकांचं नव्हतं. बाकी सगळं खरं होतं. काका खरोखरच विमान चालवत. भीमपूरकडच्या आमच्या गावात बस यायची ती सुद्धा उन्हाळ्यात, आणि त्या गावचा मुलगा नदी ओलांडून नागपूरला शिकायला गेला, तिथल्या फ्लाइंग क्लबात शिरला आणि मोठ्या विमान कंपनीत कॅप्टन झाला. गावात कोणी नवखा आला की चहाच्या आधी ही गोष्ट सांगितली जायची, आणि सांगणारा बहुतेक मीच असायचो. पण काकांची नोकरी कलकत्त्याला होती. त्यांची विमानं आसामकडे जात. आमच्या डोक्यावरून जाणारं विमान हैदराबादहून दिल्लीकडे जाणारं, दुसऱ्याच कोणाचं.

एक खोटं जगवायला किती राबावं लागतं, ते मला त्या दहा वर्षांत कळलं. तेवढे कष्ट अभ्यासात घेतले असते तर इंटर सुटलो असतो. आत्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून काकांना पत्रं मी लिहायचो. ती सांगायची, "लिही, काल तू लय उंचावरून गेला, उन्हाचा त्रास होत असंल." मी लिहायचो, "आत्याची तब्येत बरी आहे." ती सांगायची, "लिही, परवा ढगात दिसला नाही, जीव लागून राह्यला." मी लिहायचो, "पाऊस बरा आहे." काका दोन-तीन वर्षांनी एकदा दोन दिवसांसाठी येत, तेव्हा बरोबर नऊ वाजता मी त्यांना काही ना काही निमित्त काढून भीमपूरला घेऊन जायचो. आत्याला सांगायचो, आज बदली माणूस आहे. माझं लग्न झालं तर दुसऱ्या दिवशी आत्यानं नव्या सुनेला वावरात नेलं आणि विमानाला नमस्कार करायला लावला. बायकोनं केला. संध्याकाळी मला विचारलं, "हे खरं आहे काय?" मी म्हटलं, "हळू बोल."

नव्वदनंतर लवकरच काका निवृत्त झाले. काकू वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. लोकांना वाटलं, एवढा मोठा माणूस हैदराबादला बंगला बांधेल. ते दोन लोखंडी पेट्या घेऊन आमच्या घरी आले. बसस्टँडवर उतरून घ्यायला निम्मं गाव गेलं होतं. शाळेच्या मास्तरांनी त्यांना तेलुगू पद्धतीनं 'कॅप्टन सारू', म्हणजे कॅप्टन साहेब, म्हटलं आणि तेच नाव पुढे सगळ्या गावानं धरलं. मी त्यांच्या पेट्या उचलल्या तेव्हा माझी छाती अशी फुगली होती, जसं काही मीच त्या विमानाखाली हात देऊन ते वर धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. आत्या, काका, मी, आणि चुलीपाशी बायको. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी वेळ विसरलो. दहा वाजले आणि वरून आवाज आला.

आत्यानं वर बघितलं. मग समोर बसलेल्या भावाकडे बघितलं. मग पुन्हा वर.

"तू तं आता कायमचा अथी बसला," ती म्हणाली. "मंग ते कोण चालवून राह्यलं?"

बायको भाकर थापता थापता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "खोटं बोलायचंच होतं तर रिटायर होणारं विमान तरी धरायचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायाचा अंगठा बघत होतो. माणसाच्या चेहऱ्यावरून काय बिघडलंय हे ओळखणं त्यांच्या कामातच असावं. ते एवढंच म्हणाले, "अक्का, मले आत्ता सांगता येत नाही. पाहून सांगतो."

त्या दुपारी मी सगळं कबूल केलं, उपटलेल्या तासासकट. ते रागावतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी विचारलं, "कोणत्या सालापासून?" मग एक पेटी उघडली. आत जाडजूड वह्या. विमान चालवणाऱ्याला आपल्या प्रत्येक फेरीची नोंद स्वतःच्या हातानं ठेवावी लागते. कुठून कुठं, किती वाजता, कोणतं विमान. दहा वर्षांच्या वह्या त्यांनी बाजूला काढल्या.

"आपल्या गावावरून मी कधी गेलो ते शोधायचं. तू वाच, मी बघतो."

"तुम्हीच वाचा की, काका. अक्षर तुमचंच आहे."

"एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. एकटा माणूस त्याला जे बघायचं असतं तेच बघतो."

ही त्यांची रीत पुढे आम्ही सगळ्यांनीच भोगली. विहिरीवरची मोटर चालू करायची तरी ते कागद हातात घेऊन उभे राहत. "फ्यूज?" मी म्हणायचो, "आहे." "आहे की पाह्यला?" "पाह्यला." "आज पाह्यला की काल?" गावातल्या लोकांच्या मोटरी दर उन्हाळ्यात जळायच्या. आमची कधी जळली नाही. मी सगळीकडे सांगत फिरायचो की आमची मोटर कॅप्टनच्या हाताखाली आहे.

तीन दिवस मी ओळ न् ओळ वाचली. कलकत्ता, गुवाहाटी, कलकत्ता. कलकत्ता, डिब्रूगड, कलकत्ता. मधेच कधीतरी दिल्ली ते हैदराबाद किंवा उलट. तिथं काका बोट ठेवत आणि मी कागदावर तारीख उतरवत असे. मी चोरून त्या पहिल्या दिवसाच्या आसपासचं पानही बघितलं. तो सगळा महिना काका आसामकडे होते.

अकरा फेऱ्या निघाल्या. त्यातल्या चार रात्रीच्या.

"वैमानिकांच्या परीक्षेसाठी तुम्ही दिल्लीवरून हैदराबादला मागे बसून जायचात, ते धरू," मी म्हणालो. "तीस-पस्तीस होतील."

"मागे बसला तो प्रवासी. तो मी नाही."

"काका, ती सत्तरीची आहे. 'दहा वर्षं मीच होतो' असं तिला सांगून टाका. कोणाचं काय जाणार आहे?"

त्यांनी वही मिटली. "एकदा सकाळी धुकं होतं," ते म्हणाले. "खाली विमानतळ असणार, हे मला माहीत होतं. रेडिओ सांगत होता, आहे. मागे मोठी मोठी माणसं बसली होती, त्यांना घाई होती. मला जमीन दिसली नाही. मी विमान परत नेलं. उतरल्यावर लोकांनी ज्या शिव्या दिल्या, त्या तुला सांगत नाही. असं तीनदा झालं. लोक विचारतात, तुम्ही मोठं काय केलं? मी हेच केलं. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणालो." मग म्हणाले, "आता अक्काला दिसलं म्हणून सांगू?"

मी इतक्या वर्षांत काकांच्या कितीतरी गोष्टी गावाला सांगितल्या होत्या. वादळातून काढलेलं विमान, एका इंजिनावर उतरलेलं विमान, सगळ्या माझ्याच. ही एकच त्यांची होती, आणि ती माझ्या सगळ्यांवर भारी होती.

दुसऱ्या दिवशी आत्या ओसरीत सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी दाराआड उभा होतो, पळता येईल असा.

"अक्का, दहा वर्षांत अकरा खेपा मी होतो. त्यातल्या चार रातच्या."

सूप थांबलं. "अन् बाकीच्या?"

"दुसरे लोक."

"तुह्या वळखीचे?"

"काही होते. सगळे नाही."

ती सुपातली ज्वारी बोटानं इकडची तिकडे करू लागली. "मी म्हातारी बाई," ती म्हणाली, "परक्या माणसायले रोज पदर हलवून दाखवला."

माझ्याशी ती बोलायची बंद झाली. "त्याले सांग, बैलाले पाणी दाखव," असं माझ्या देखत माझ्या बायकोला सांगायची. त्याचं मला काही वाटलं नाही, ते माझं येणं होतं. पण ती दहा वाजता बांधावर जाईना. विमानाचा आवाज आला की घरात जायची, नाहीतर पाठ करून बसायची. कपाशी फुटली होती, वेचणीला बायका येत होत्या, त्या विचारायच्या, "आत्याबाई, आज विमान पाह्याले नाई आल्या?" ती वेचलेला कापूस तोलायला लागायची. गुडघे दुखत असताना, ताप असताना जी बाई बांधावर गेली होती, ती आठ दिवस वावराकडे फिरकली नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली, की मी तिचं काहीतरी असं मोडून ठेवलं आहे जे पुन्हा पेरता येणार नाही.

नवव्या दिवशी तिनं काकांना हाक मारली. "त्या अकरा खेपा वाचून दाखव. कवाच्या, ते सांग."

काकांनी कागद माझ्या हातात दिला. एकानं वाचायचं. मी तारीख वाचायचो, काका वहीत बोट ठेवायचे, आणि आत्या ती तारीख सणावारात बसवायची. एक पोळ्याच्या आदल्या दिवशीची निघाली. एक आमच्या थोरल्या मुलाच्या बारशाच्या आठवड्यातली. "त्या दिवशी मी होती बांधावर," ती म्हणायची, आणि पुढची विचारायची. एक तारीख महालक्ष्म्यांच्या जेवणाची निघाली.

"त्या दिवशी मी सोळा भाज्या चिरून राह्यली होती," आत्या म्हणाली. "बाहेर आलीच नाही."

"मीबी खाली पाह्यलं नाही," काका म्हणाले. "समदे ढग होते."

दोघंही हसायला लागले. साठीचा भाऊ आणि सत्तरीची बहीण, एकमेकांना चुकवल्याबद्दल. मी हसलो तशी तिनं माझ्याकडे बघून हसू आवरलं, पण बघितलं तर खरं.

तिनं कागद मागून घेतला. वाचता येत नव्हता, तरी घडी करून कमरेला खोचला. "चल," भावाला म्हणाली, "दहा वाजून राह्यले. तिथं वर काय काय करता तुमी, ते सांग मले. कोणी सांगितलंच नाही आजवर."

आम्ही तिघं बांधावर गेलो. विमान आलं तसं काका सांगायला लागले: पुढे दोघं बसतात, डावीकडचा कॅप्टन, आता तो नागपूरला सांगत असेल, आम्ही अमुक उंचीवर आहोत, आता दुसरा माणूस ते पुन्हा म्हणून दाखवत असेल, चूक नको म्हणून, बहुतेक चहा आला असेल. आत्या मधेमधे विचारत होती. झोप येत नाही काय? भांडले तर? त्यायच्या घरी कोण कोण असते? काका जे माहीत ते सांगत होते, नाही ते नाही म्हणत होते. रेघ नदीपलीकडे गेली तेव्हा तिनं पदर सावरला आणि हात वर केला.

वेचणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. एकीनं विचारलं, "आत्याबाई, भाऊ तं तुमच्याजवळ उभा आहे. मंग हे कोण?"

"दुसरे आहेत," आत्या म्हणाली. "चांगले लोक असतात. आमच्या भावानं अथून अकरा खेपा नेलं. वहीत लिहून आहे."

दहा वर्षं रोज 'माह्या भावाचं विमान' म्हणताना मी तिला ऐकलं होतं, पण हे 'अकरा' तिनं ज्या ताठ मानेनं म्हटलं तसं कधीच ऐकलं नव्हतं. काका वहीतल्या ओळीसारखे ताठ उभे होते. आणि मी, ज्यानं सगळा घोळ घातला, तोही त्या दोघांच्या बाजूला छाती काढून उभा होतो.

दुपारी आत्यानं मला थेट हाक मारून जेवायला बोलावलं. ताटावर बसल्यावर मी बायकोला म्हणालो, की शेवटी सगळं बरंच झालं म्हणायचं.

"अकरा खेपा तरी खरं निघालं," ती वरण वाढत म्हणाली. "तुमच्या बाकीच्या गोष्टीत तेवढंबी निघत नाही."