कॅमेरा जुळला, पण गाणं?

मंडळी, आज नातीबरोबर व्हिडिओ कॅमेरा घ्यायला गेले. आमच्या थोरल्या जाऊबाईंना वाडीच्या बोलीतली जुनी लग्नगाणी येतात. गाताना त्या मध्येच विसरतात, म्हणून नात त्यांचं शूटिंग करून ते घरच्या लॅपटॉपवर कापून जोडणार आहे.

दुकानदाराने सगळ्यात भारी कॅमेरा पुढे केला. मी विचारलं, "याचं शूटिंग आमच्या लॅपटॉपवर उघडेल?"

"आजी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"बाबा, मी नारळसुद्धा वाजवून घेते. आधी उघडून दाखव."

लॅपटॉप बरोबरच नेला होता. भारी कॅमेऱ्याचं उघडलंच नाही, साध्याचं चटकन उघडलं. साधाच घेतला.

संध्याकाळी पहिलं गाणं झकास जुळलं. नात म्हणाली, "आजी, यातलं निम्मं मला कळलंच नाही."

गाणं लॅपटॉपवर उघडलं, पण पोरीला उलगडलं नाही. आता उद्यापासून तिला बोली शिकवायला बसणार. तुमच्या घरच्या पोरांना कळते का हो?