कुलूपबाईंची रजा

समोर सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'कुलूपबाई'. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि, खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचंही.

लिफ्ट तपासणीच्या त्या कार्यालयात शहरातल्या प्रत्येक लिफ्टची एक फाइल होती. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत एका लिफ्टचा अहवाल दुसरीच्याच फाइलवर सेव्ह केला आणि खापर फुटलं बाईंच्या डोक्यावर. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. सगळ्यांचे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले होते, त्या लिनक्सवर चालणाऱ्या मुख्य कॉम्प्युटरवर फाइली त्यांच्याच नावावर होत्या. त्यांनी बाकीच्यांसाठी 'फक्त वाचणे' एवढीच परवानगी ठेवली आणि गप्प बसल्या. तेव्हापासून फाइल कुणीही उघडावी, हवी तेवढी वाचावी. सेव्ह करायला गेलं की कॉम्प्युटर हात वर करायचा. मग कागदावर दुरुस्ती लिहून बाईंच्या टेबलाशी उभं राहायचं.

"बाई, एवढं करून देता का?"

"ठेवा तिथे," बाई मान वर न करता म्हणायच्या.

आम्हालाही शिकवा, असं कुणी म्हटलंच, तर उत्तर तयार असे. "फार किचकट आहे हो ते. महिनाभर तरी लागेल." हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की स्वतःलाही ते अर्धंमुर्धं खरं वाटू लागलं होतं. काम होतं चार क्लिकचं.

मंगळवारी ताईचा फोन आला. आई गेल्यावर बाईंना हिनेच वाढवलं होतं, आणि बदल्यात आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

"शुक्रवारी खुब्याचं ऑपरेशन आहे गं. पंधरा दिवस येशील?"

बाई रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तो वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"जा म्हणायला माझं काय जातं? पण फाइली कोण सेव्ह करणार? शिकवायला महिना लागतो, तुम्हीच सांगता ना? मग शिकवा आणि पुढच्या महिन्यात जा."

बाई खुर्चीत येऊन बसल्या. पासवर्ड कुणाला द्यावा, तर त्याची चूक पुन्हा आपल्याच नावावर. खरं सांगावं, तर अकरा वर्षांचा तोरा चार क्लिकमध्ये धुळीला. आपणच घातलेल्या कुलपात आपणच अडकलोय, आणि किल्ली हातात असून ती दाखवायची लाज वाटते, हे त्यांना कळत होतं. शेजारच्या टेबलावरचे तात्या नेहमीप्रमाणे कागद घेऊन उभे होते. बाई पहिल्यांदाच "ठेवा तिथे" म्हणाल्या नाहीत.

बुधवारी दुपारी ताईचा मेसेज आला. "शेजारणीला विचारलंय. तुला जमत नसेल तर राहू दे. जिवाला लावून घेऊ नकोस."

ते 'राहू दे' वाचून बाई उठल्या. साहेबांना टेबलाशी बोलावलं, तात्यांनाही. सगळ्या फाइलींच्या फोल्डरवर उजवी क्लिक, गुणधर्म, परवानग्या. 'फक्त वाचणे'च्या जागी 'वाचणे आणि लिहिणे', आतल्या सगळ्या फाइलींसकट. तात्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर एक फाइल उघडली, तारीख दुरुस्त केली, सेव्ह केली. झालं.

"एवढंच?" साहेब म्हणाले.

बाईंचे कान तापले. "एवढंच," त्या म्हणाल्या.

साहेबांनी उभ्याउभ्याच अर्जावर सही केली. तात्यांनी हातातल्या कागदाची घडी करून खिशात घातली. अकरा वर्षं ते असे कागद घेऊन उभे राहिले होते. चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. ते एवढंच म्हणाले, "निघा बाई, गाडी चुकेल."

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ताई उशीला टेकून बसली होती.

"सारखी फोन काय बघतेस? ऑफिसमधून यायचाय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "एकाचाही आला नाही." आणि त्यांना रडूच कोसळलं.

ताईने त्यांचा हात धरला. "वेडी कुठली. बरी आहे मी आता, घाबरू नकोस," ती म्हणाली, आणि बाईंनी तिला तसंच समजू दिलं.