माळवदाखालची राखण

मांडणीवरची भांडी खुळखुळली की किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस आठवतात. आमच्या बोरीतही घरं हादरली होती. जमिनीखालचे मोठाले खडक एकमेकांना रेटतात म्हणून असं होतं, हे मास्तर ओट्यावर बसून सांगून गेले. माळवद अंगावर पडेल या भीतीनं सारं गाव दिवस मावळला की खळ्यात झोपायला निघायचं. नवऱ्यानं बैल नेले, शेळ्या नेल्या, कोंबड्याही नेल्या. म्हाताऱ्या सासूनं संगं यायला काठी मागितली तर म्हणाला, "माय, तू घर राख. चोर फिरायलेत." सासू म्हणाली, "खडक रेटतेत, त्यांना माय नसती. तुला हाय की रं." तो गेला. घर पडलं नाही, पण सासू पुन्हा त्याच्याशी बोलली नाही. परवा भांडी वाजली तेव्हा माझ्या पोरानं आधी मोटारसायकल बाहेर काढली अन् म्हणाला, "माय, घराकडं बघ."