ज्याची गाडी, त्याचा दोरा

गाडीत बसल्यावर चाचा आधी काच खाली करायचे. शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या गॅरेजमधून निघून मोकळा रस्ता लागला, की चालवणाऱ्याला म्हणायचे, "आता हात सोड." म्हणजे गाडी हळू करायची आणि स्टिअरिंगवरचे हात दोन क्षण उचलायचे. भलेभले कचरायचे. चाचा मात्र समोर बघत म्हणायचे, "गाडीला बोलू द्या की जरा. कवापासून तुम्हीच बोलताय."

हे वाक्य मला पहिल्याच दिवशी आवडलं, कारण मीही न बोलणाऱ्यांपैकीच. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे चाकं सरळ रेषेत आणण्यासाठीचा 'अलाइनमेंट' हा शब्द मला यायचा. पण मी तो उच्चारला की गॅरेजवाले उत्तर बाबांकडे बघून द्यायचे. मग मी बोलणंच सोडून दिलं होतं.

आमची पांढरी गाडी मी तिसरीत असताना घेतलेली. एकदा खड्ड्यात आदळली, पुढची दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून स्टिअरिंग डावीकडे कललेलं असलं तरच ती सरळ जायची. मी त्याच गाडीवर शिकले. कॉलनीच्या डाव्या वळणावर मला दर वेळी मागे-पुढे करावं लागायचं. बाबा म्हणायचे, "तुला वळणाचा अंदाज नाही." मलाही ते पटलं होतं.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी चालवणं बंद केलं. त्याच सुमारास मला फुलंब्रीला नोकरी लागली, रोज जाऊन-येऊन. मला ती गाडी हवी होती, पण तसं कधी म्हणाले नाही. एका संध्याकाळी बाबांनीच सांगून टाकलं, "रविवारी गिऱ्हाईक येतंय. तुझ्या हातात ही गाडी देऊन मला घरी चैन पडायचं नाही." मी एवढंच म्हणाले, "त्याआधी शहागंजच्या त्या चाचांना एकदा दाखवू. सगळे त्यांचंच नाव घेतात."

हात सोडून झाल्यावर, परतताना गाडीतच बाबांनी चाचांना सोपा उपाय सुचवला. कोणीतरी म्हणालं होतं, स्टिअरिंग काढायचं आणि सरळ बसवायचं.

"टोपी सरळ केल्यानं मान सरळ व्हती का, साहेब?" चाचांनी विचारलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "बेटा, डावीकडं वळताना कमी पडती ना?"

मी मान हलवली.

"पडणारच. दुरुस्ती करणाऱ्यानं चाक वळवणारा एका बाजूचा रॉड लांब ठेवला, दुसऱ्या बाजूचा आखूड. तुझा काय कसूर?"

इतक्या वर्षांचं काहीतरी खांद्यावरून उतरलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

गॅरेजमध्ये परतल्यावर चाचांनी स्टिअरिंग बरोबर मधोमध आणलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं सीटला बांधून टाकलं. मग मागच्या चाकाला दोरा बांधला. तो पुढच्या चाकापर्यंत ताणून धरायचा, म्हणजे चाक किती वाकडं आहे ते दिसतं. जवळच मशीनवर अलाइनमेंट करून देणारे होते, पण चाचांचा दोऱ्यावर भरवसा. आणि तो धरायचा मालकानं, असा त्यांचा नियम: "ज्याची गाडी, त्याचा दोरा. नंतर तक्रार नाय."

बाबांनी सवयीनं हात पुढे केला. चाचांनी दोरा दिला नाही.

"गाडी चालवणार कोण?"

अशा प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे बाबा द्यायचे. मी त्यांची वाट पाहिली. ते दोऱ्याकडेच बघत होते. आणि माझाच आवाज आला, "मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला.

"ताण अजून," गाडीखालून चाचा ओरडले. "लई ढिला धरतेस. गाडी तुझीच हाय ना?" मी ताणला. त्यांनी एक रॉड थोडा फिरवला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. चाक हळूहळू दोऱ्याला येऊन लागलं.

मोकळ्या रस्त्यावर मी हात सोडले. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ. पण परत धरताना माझा हात जुन्या सवयीनं डावीकडे गेला आणि गाडी लगेच कडेला सरकली. चाचा हसले. "गाडी सुधरली. आता हाताला शिकव."

घरी येताना कॉलनीचं डावं वळण एका दमात झालं. मागच्या सीटवर बाबांनी फोन लावला. "हॅलो, रविवारी येऊ नका. नाही, विकायची नाही. मुलगी चालवते."

नंतर कित्येकदा मी गरज नसतानाही चाचांकडे जायचे आणि इतरांना हात सोडायला कचरताना बघायचे. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि ते मुलाकडे अजिंठ्याला निघाले. शेवटच्या दिवशी मी आभाराची दोन वाक्यं मनात घोकून गेले होते. ते खुर्चीत बसले होते, दोरा गुंडाळत.

"कशी चालतीय?" त्यांनी विचारलं.

घोकलेलं सगळं गेलं. "सरळ," मी म्हणाले.

"मग झालं की, बेटा."